‘नाही’ कुणी लिहून देत नाही : दिव्यांग मुलाची शाळा, कायदा आणि पालकांचा अर्ज

मला आजवर चार शाळांनी नकार दिलाय. पण ‘नाही’ हा शब्द एकीनेही उच्चारला नाही.

पहिल्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘‘आमचे जिने फार उभे आहेत हो, तिलाच त्रास.’’ दुसरीकडे अर्ज ठेवून घेतला आणि ‘फोन करतो’ म्हणाले. तो फोन अजून यायचाय. तिसरीकडे मुख्याध्यापकांनी चहा-बिस्किटं मागवली, अर्धा तास माझ्या मुलीचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, ‘‘ताई, तुमच्याच भल्याचं सांगतो, हिला विशेष शाळेत घाला. इथे हिचा निभाव लागायचा नाही.’’ चौथ्या शाळेने पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांच्या मुलीची तोंडी परीक्षा घेतली. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली, फक्त सावकाश दिली. बाईंना घाई होती.

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूचा जो भाग स्नायूंना हालचालीचे हुकूम देतो, त्याला जन्माच्या वेळी इजा झाली. ती वॉकर घेऊन चालते, बोलते संथ, लिहिते त्याहून संथ. डोकं तल्लख आहे, घरच्यांना कधीकधी नको वाटेल इतकं. पाचव्या शाळेने तिला घेतलं, आता ती सातवीत आहे.

या चार नकारांत जिने, चहा, फोन सगळं होतं, कागद मात्र एकही नव्हता. तेव्हा मला तो योगायोग वाटला होता. नंतर कायदा वाचायला लागले, तेव्हा त्यातलं इंगित कळलं.

मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना विशेष शिक्षकांची पदं निश्चित करून ती भरायला सांगितलं. ती बातमी आमच्या पालकांच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होती. खाली एकीने विचारलं, ‘‘म्हणजे आता माझ्या मुलाला घेतील का?’’ पंचवीस जणांनी हात जोडलेल्या इमोजी टाकल्या, उत्तर कुणीच दिलं नाही. त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी हा लेख.

आधी तीन शब्द

पहिला शब्द दिव्यांग. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016’ एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि प्रकार 21 झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळं त्यात आलं. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी नेहमीसारखी, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कुठेतरी गाडी अडते. अशा मुलाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘आळशी’ म्हटलं गेलं. आता त्याचं नाव कायद्यात आहे.

दुसरा शब्द समावेशित शिक्षण. सरकारी कागदात हा फार जड वाटतो. मी तो पंगतीवरून समजावते. पाहुण्याला मधुमेह आहे म्हणून त्याचं ताट माजघरात वेगळं वाढलं, तर ती झाली विशेष शाळा. त्याला पंगतीत बसवलं पण ‘जे वाढलंय ते खा’ म्हटलं आणि जिलबी समोर ठेवली, तर आपल्या बहुतेक शाळा सध्या हेच करतात. पटावर नाव असतं आणि मूल शेवटच्या बाकावर नुसतं बसून असतं. समावेशित म्हणजे तो पंगतीतच बसतो, त्याला जिलबीऐवजी एक पोळी जास्त वाढली जाते आणि शेजारच्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

तिसरा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा : वाजवी सोय. एसटीत दिव्यांगांसाठी सीट राखीव असते, वर तसं रंगवलेलंही असतं. पण गाडीची पहिली पायरी माझ्या मुलीच्या कमरेइतकी उंच आहे. सीट राखीव असणं म्हणजे प्रवेश आणि त्या पायरीचं काहीतरी करणं म्हणजे वाजवी सोय. त्या मुलाला, त्या ठिकाणी, इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावं म्हणून केलेला आवश्यक तो बदल, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याने त्याला एक मर्यादाही घातली आहे : समोरच्यावर अवाजवी, झेपणार नाही असा बोजा पडता कामा नये. शाळा या ‘बोजा’ शब्दाला चिकटून बसतात. पण तो शब्द नुसता उच्चारून भागत नाही. या मुलासाठी, या शाळेत, हा बदल का झेपत नाही, हे सांगावं लागतं. पाचव्या शाळेने माझ्या मुलीसाठी पाचवीचा वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला. खर्च आला शून्य रुपये. शिपायांनी दोन खडूंचे डबे आणि एक घड्याळ खाली नेलं.

दोन कायदे, आणि त्यांचं वेगवेगळं काम

पालकांचा सगळ्यांत मोठा घोळ इथे होतो, कारण कायदे दोन आहेत.

एक, शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई. 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ‘सक्ती’ इथे मुलावर नाही, सरकारवर आहे. याच कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घ्यायला बंदी केली आहे. पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. माझ्या मुलीची तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून मी ‘थँक्यू’ म्हणून बाहेर पडले.

2012 मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलं ‘वंचित गटा’त आली. त्यामुळे खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांच्या सोडतीत त्यांना अर्ज करता येतो, आणि आपल्या महाराष्ट्रात या गटाला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. दर वर्षी कितीतरी पालक ‘आमचं उत्पन्न लाखाच्या वर आहे’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत. ती अट आर्थिक दुर्बल गटासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

दुसरा, वर सांगितलेला 2016 चा कायदा. त्याचं सोळावं कलम मी पाठ केलंय. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, खेळात सामावून घ्यायचं, इमारत आणि संडास वापरता येतील असे करायचे, वाजवी सोय द्यायची, अंध आणि कर्णबधिर मुलांना योग्य त्या भाषेत आणि पद्धतीने शिकवायचं, अध्ययन अक्षमता लवकर ओळखायची, प्रगतीवर लक्ष ठेवायचं. मान्यता हा शब्द अधोरेखित करून ठेवा. नामवंत इंग्रजी शाळा ‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही’ म्हणतात. पण मान्यता घेतात ना? मग सोळावं कलम लागू. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने आरटीईतून सूट मिळाली आहे. पण ती सूट आरटीईपुरती आहे.

थोडक्यात, आरटीई मुलाला दारातून आत नेतो आणि 2016 चा कायदा आत गेल्यावर त्याला बसायला जागा देतो. आरटीई चौदाव्या वर्षी थांबतो. 2016 च्या कायद्याचं एकतिसावं कलम ठरावीक टक्केवारीच्या वरच्या मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतं, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. यातली निवड मुलाची.

40 टक्क्यांचं गूढ

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं आणि त्यावर टक्केवारी असते. त्यावरूनच यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचा, रंग ठरतो : 40 च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि वर निळा. 40 टक्के आणि वर असेल तर आरक्षण, 18 पर्यंत मोफत शिक्षण, 25 टक्क्यांची सोडत हे लाभ मिळतात.

यातून एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे, की 40 च्या खाली काहीच मिळत नाही. ते खरं नाही. यूपीएससीच्या एका परीक्षार्थीला लिहिताना हाताला पेटका यायचा आणि टक्केवारीच्या निकषात तो बसत नव्हता. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे, 40 टक्क्यांवर असणाऱ्यांचा मक्ता नव्हे. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने 40 च्या खालच्यांना लेखनिक देण्याबाबत वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा शाळेने ‘तुमचे 35च आहेत’ म्हटलं, तर आपण आरक्षण मागत नसून पहिल्या बाकावर जागा आणि जरा मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागतोय, हे शांतपणे सांगायचं.

‘आमच्याकडे स्पेशल टीचर नाहीत’

हे उत्तर खोटं नसतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड असतं.

विशेष शिक्षक म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला प्रमाण ठरवायला सांगितलं आणि 2022 मध्ये केंद्राने ते जाहीर केलं : प्राथमिकला 10 मुलांमागे एक, त्यावरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक. प्रत्यक्षात आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ तालुक्याच्या गट साधन केंद्रात बसतात आणि तालुकाभर शाळांमधून फिरतात, तेही वर्षानुवर्षं कंत्राटावर. आमच्याकडे येणारे सर एकाच मोटारसायकलवर ब्रेल पाट्या, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि आपला डबा घेऊन हिंडतात. ग्रुपवर फिरणारी 2025 ची बातमी याच प्रकरणातली होती. पदं ठरवा, कायम भरती करा, आत्ता कंत्राटावर असलेल्यांची छाननी करा, असा तो आदेश. न्यायालयाला सुमारे साडेतीन वर्षांनी पुन्हा तेच सांगावं लागलं, यावरून कामाचा वेग लक्षात यावा.

म्हणून त्या आईला माझं उत्तर असं : विशेष शिक्षक येईलही, पण त्याची वाट बघत घरी बसू नका. शिक्षक नसणं ही सरकारची आणि संस्थेची उणीव आहे, प्रवेश नाकारायचं कारण नाही. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून कुठली शाळा नववीचे प्रवेश बंद करते का?

आणि दर वेळी विशेष शिक्षकच लागतो असंही नाही. माझ्या मुलीचं उदाहरण घ्या. तिला फळ्यावरचं उतरवून घ्यायला तिप्पट वेळ लागायचा. ती ‘नदी आपल्याला पाणी’ इथवर यायची आणि बाई फळा पुसायच्या. पूर्ण तिसरीभर तिच्या वह्यांत एकही वाक्य पुरं नव्हतं. चौथीत नवीन बाई आल्या. त्यांनी शेजारच्या मुलीच्या वहीच्या पानाखाली कार्बन पेपर ठेवला. दहा रुपयांचे कार्बन महिनाभर पुरले. त्या बाईंनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यांनी फक्त तिची वही उघडून बघितली होती.

शाळा कधीकधी ‘शॅडो टीचर’ मागतात, म्हणजे पालकांनी आपल्या पैशाने माणूस ठेवून तो मुलाशेजारी बसवायचा. काही मुलांना मदतनीस खरोखर लागतो. पण ‘पगार तुम्ही द्या, नाहीतर प्रवेश नाही’ ही अट सोळाव्या कलमात शोधूनही सापडत नाही. तिथे मदत देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे.

‘विशेष शाळा आहेत की!’

आहेत, आणि काही फार चांगल्या आहेत. माझ्या ओळखीत एक कर्णबधिर मुलगा आहे. सर्वसाधारण शाळेत तो तीन वर्षं गप्प बसून होता, विशेष शाळेत गेला आणि हातांनी बोलायला लागला. आता त्याला थांबवावं लागतं. त्याच्या आईला समावेशाचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. कायदाही विशेष शाळा बंद करा म्हणत नाही.

मुद्दा आहे तो निवड कुणी करायची हा. पालकांनी मुलाची गरज बघून विशेष शाळा निवडली, तर ती निवड. पण सगळ्या शाळांनी चहा पाजून तिकडे वळवलं, तर ती हकालपट्टी. हेच घरच्या शिक्षणाचं. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीने दिला. तो मुलासाठी आहे, शाळेसाठी नाही. ‘तुम्ही घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो’ हे जेव्हा शाळा सुचवते, तेव्हा ते औदार्य नसतं.

‘बाकीच्या मुलांचं नुकसान होतं’ आणि ‘जादा वेळ म्हणजे सूट’

पहिल्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. साठ मुलांच्या वर्गात एक मूल ओरडत असेल, तर शिकवणं थांबतं. मी शिक्षिका असते तर मीही वैतागले असते. पण मुळात वर्गात साठ मुलं आहेत ही अडचण त्या मुलाने आणलेली नाही. ओरडण्याला बहुतेक वेळा कारण असतं : पंख्याचा आवाज, दुपारची घंटा, अचानक बदललेला तास. ते कारण सापडलं की आवाज खाली येतो, आणि ते सापडण्यासाठी पालकांशी बोलावं लागतं. उलट बाजू अशी की कार्बन पेपर, फळ्यावर मोठं अक्षर, सूचना एकेक करून देणं याचा फायदा मागच्या बाकावरच्या आणखी दहा जणांना होतो.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य नाही. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण ‘सूट घेतली’ म्हणत नाही. तीन तासांच्या पेपरला तासामागे किमान 20 मिनिटं, म्हणजे एक तास जादा मिळतो. तो उत्तर सुचायला नसतो, सुचलेलं उत्तर हातातून कागदावर उतरायला असतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक आणि इतर सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. नववी संपतानाच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्या आया मी दर वर्षी बघते.

हक्काची सोय वेळेवर मिळाली नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण. लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला 2021 च्या नीट परीक्षेत जादा तास देण्याऐवजी केंद्रावर पेपर काढून घेतला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यावर अन्याय झाला, असं न्यायालयाने स्वच्छ शब्दांत सांगितलं आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला त्याची भरपाई कशी करता येईल ते बघायला सांगितलं. पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. ती केस जिंकली, पण परीक्षेतला तास तिला मिळालाच नाही.

अर्ज कसा करायचा

आता पहिल्या प्रश्नाकडे येते : नकार कागदावर का येत नाही? कारण लेखी नकार हा शाळेने स्वतःच्या सहीने दिलेला पुरावा ठरतो. तोंडी नकाराला काहीच पुरावा नसतो. उद्या ‘त्या बाई तर आल्याच नव्हत्या’ म्हटलं तरी चालतं. म्हणून पालकांच्या हातात पहिलं हत्यार एकच : आपण लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची.

हे वाटतं तितकं सोपं नाही. आवक-जावकच्या टेबलावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा क्लार्क म्हणाले, ‘‘ठेवा ताई, साहेबांना देतो.’’ मी ठेवून आले. आठ दिवसांनी गेले तर ‘कुठला अर्ज?’. दुसऱ्यांदा दोन प्रती नेल्या आणि म्हटलं, ‘‘दादा, या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून द्या, मग निघते.’’ त्यांनी ड्रॉवर उघडला, बंद केला, शिक्का शेजारच्या टेबलावर आहे म्हणाले. मी वॉकरवरच्या मुलीला बाकावर बसवलं आणि डब्यातली पोळी काढून तिला भरवायला लागले. दहा मिनिटांत शिक्का आला. फारच टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्ट आहेच.

अर्जात रडगाणं नको. मी सुरुवातीला दोन-दोन पानं लिहायचे, त्यात जन्मापासूनची कहाणी. कुणी वाचत नाही. एक पान पुरतं : मुलाचं नाव, इयत्ता, प्रमाणपत्राची प्रत, नेमकं काय हवंय ते (‘सहकार्य करावे’ असं नव्हे, तर ‘वर्ग तळमजल्यावर असावा’, ‘चाचणीला तासामागे 20 मिनिटे जादा मिळावीत’), कोणत्या कलमाखाली, आणि ‘शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे’. हे शेवटचं वाक्य विसरू नका. शाळेला कारण लिहायला बसवलं की निम्म्या वेळा कारण सापडत नाही.

शाळेने उत्तर दिलं नाही तर पुढची पायरी गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि सोयी बघायला एक नोडल अधिकारी असायला हवा. ‘ते कोण आहेत?’ हा प्रश्न विचारा. कार्यालयात एकमेकांकडे बघतील, पण विचारा. त्याच्याही वर दोन दारं आहेत : आरटीईसंबंधी राज्य बालहक्क संरक्षण आयोग, आणि 2016 च्या कायद्यासंबंधी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. आयुक्तांना साक्षीला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणंही आयुक्तांना आणि तक्रारदाराला कळवायची. ‘नाही’ म्हणायचं तर लिहून म्हणा, हे इथे कायद्यानेच सांगितलंय.

जाता जाता : सरकारी आणि अनुदानित शाळेत असाल, तर यू-डायसच्या, म्हणजे शाळा सरकारकडे भरतात त्या माहितीच्या, नोंदीत आपलं मूल दिव्यांग म्हणून लागलंय का ते बघून घ्या. समग्र शिक्षाखाली प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, उपकरणं, दिव्यांग मुलींना दरमहा 200 रुपये दहा महिने, असं जे काही आहे ते त्या नोंदीवरून येतं. आमच्या मुलीची नोंद दोन वर्षं राहून गेली होती. कुणाचं वाईट मनात नव्हतं, एक रकाना भरायचा राहिला होता.

‘शाळेशी वैर घेतलं तर भोगणार मूलच’

ही भीती मला सगळ्यांत खरी वाटते. आपण अर्ज देऊन घरी येतो आणि मूल मात्र सहा तास त्यांच्याच ताब्यात असतं. माझी सासू रोज म्हणायची, ‘‘कशाला उगीच? गोडीने घे.’’

मी गोडीनेच घेते. आधी भेटते, बोलते, बाईंची अडचण विचारते. पण परत आल्यावर झालेलं बोलणं चार ओळींत लिहून पाठवते : ‘आज आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. ठरल्याप्रमाणे सोमवारपासून...’ हे पत्र आभाराचंच असतं आणि नोंदही होऊन जाते. तक्रार ही शेवटची पायरी. पण त्या दिवशी फाईल रिकामी असली तर तक्रार लंगडी पडते.

दुसरं मला फार उशिरा कळलं. पाचव्या शाळेत मी अर्ज पुढे केला, तेव्हा मुख्याध्यापक रागावतील म्हणून घसा कोरडा पडला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘बरं झालं लिहून आणलंत. उद्या संस्थेच्या मीटिंगमध्ये दाखवायला मला कागद लागतोच.’’ प्रत्येक शाळेत असं एखादं माणूस असतं, त्याला मदत करायची असते आणि त्याच्या हातात काही नसतं.

एकट्या पालकाची मर्यादा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पालकांच्या संघटनेने 1971 मध्ये राज्यालाच कोर्टात खेचलं. 1975 चा तिथला दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आला, त्यामागे हे प्रकरण होतं. न्यू जर्सीत माझी मावसबहीण आहे. तिच्या मुलासाठी शाळा दर वर्षी बैठक घेऊन लेखी आराखडा करते : काय शिकवणार, कोण, आठवड्यातून किती तास. आपल्या कायद्याने शाळांवर असा वार्षिक आराखडा बंधनकारक केलेला नाही. म्हणून आपल्याकडे प्रत्येक आई दर जूनला पहिल्यापासून सुरुवात करते.

आपल्या पालकांचा इतिहास मात्र कमी नाही, त्याचा रस्ता वेगळा होता. मुंबईत 1944 मध्ये वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शाळा काढली, ती आजची जय वकील. 1972 मध्ये मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या, मालिनीच्या निमित्ताने स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली. नाशिकला रजनीताई लिमयांनी मतिमंद मुलाची आई म्हणून 1977 मध्ये प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली. 1995 मध्ये पालकसंघटनांचा ‘परिवार’ हा देशव्यापी महासंघ झाला. त्या पिढीला कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून तिने स्वतःची घरं बांधली. त्यांच्यापुढे नतमस्तक होऊनही मला वाटतं, आपलं काम वेगळं आहे. दार आधीच बांधलेलं आहे, आपल्या करातून. ते उघडून घ्यायचंय.

त्यासाठी एक जागा कायद्यातच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी. 2012 पासून दिव्यांग मुलं या गटात आहेत, म्हणजे तुम्हीही. अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. पण इतिवृत्त लिहिलं जातं, आणि रॅम्पचा विषय तीनदा इतिवृत्तात आला की चौथ्यांदा कुणीतरी सिमेंटचा भाव विचारतं. आमच्याकडे तसंच झालं. रॅम्प अजून अर्धाच आहे, दुसऱ्या टोकाला चार इंचांची पायरी राहिली आहे. वॉकर तिथे उचलून घ्यावा लागतो.

पुढच्या वर्षी आठवीचे सगळे वर्ग दुसऱ्या मजल्यावर लागणार आहेत, असं शिपायांकडून कळलं. लेक म्हणाली, ‘‘आई, या वेळी अर्ज मी लिहू?’’ तिला एक पान लिहायला पाऊण तास लागला. ‘शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे’ हे वाक्य तिने न सांगता लिहिलं, वर ‘तळमजल्यावर’मधल्या ‘ळ’चं वळण चुकलं म्हणून पुन्हा नवा कागद घेतला. शनिवारी दोन प्रती घेऊन शाळेत गेलो. आवक क्रमांक 117.